सुरक्षा कोणाची, साखळी कोणाच्या पायात?

२०२५ च्या जुलै महिन्यात चाकणजवळच्या एका वस्तीत आम्ही रेशनकार्डाच्या तक्रारी लिहून घ्यायला बसलो होतो. थोड्याच वेळात अर्ज बाजूला राहिले आणि बोलणं कामावर आलं. ई-स्कूटरचे सुटे भाग जोडणाऱ्या एका लहान कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या सात-आठ जणी तिथे होत्या. ठेकेदारानं त्यांना सांगितलं होतं, "चीनवरून माल येत नाही. उद्यापासून येऊ नका. लाइन चालू झाली की फोन करतो." त्यातली एक मला म्हणाली, "ताई, चीनचं आणि आपलं भांडण कधी झालं? आणि झालं असलं तरी त्यात माझी हजेरी का कापली?"

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला बचत गट शिकवले, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिकवला, अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं. चीनमधल्या एका सरकारी हुकमानं चाकणच्या बाईची चूल कशी थंडावते, ते कोणी शिकवलं नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले. जे हाती आलं ते मैत्रिणींपुढे मांडते आहे.

भांडण आपलं नव्हतंच. २०२५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगभरच्या मालावर आयातकर लादले. दोनच दिवसांत, ४ एप्रिलला, चीननं उत्तर दिलं. सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं आणि त्यांच्यापासून बनणारी चुंबकं परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ द्यायची नाहीत, असं जाहीर केलं. विजेवर चालणाऱ्या गाडीची मोटर या चुंबकांवर फिरते आणि जगातली शंभरातली नव्वदच्या आसपास चुंबकं एकट्या चीनमध्ये बनतात. जुलैमध्ये बजाज ऑटोसारख्या मोठ्या कंपनीनंही ई-स्कूटरचं उत्पादन निम्म्यावर आल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपनीला धक्का बसला की तो खाली खाली सरकत जातो आणि शेवटी जिच्याखाली कोणीच नाही तिच्यापाशी थांबतो. चीन आणि अमेरिका भांडले, हजेरी कापली गेली चाकणच्या बाईची.

त्यानंतर वर्तमानपत्रांत एकच शब्द दिसू लागला: महत्त्वाच्या खनिजांच्या 'पुरवठा साखळीची सुरक्षा'. लिथियम, कोबाल्ट, टँटलम, दुर्मिळ मृदा यांचा ओघ परदेशी राजकारणामुळे तुटू नये, म्हणून काय काय करायला हवं याची चर्चा सुरू झाली. मंत्री बोलले, उद्योगपती बोलले, निवृत्त सेनाधिकारी बोलले. एकाही चर्चेत बाई नव्हती. बोलणारी नव्हती आणि बोलण्याच्या विषयातही नव्हती.

हा शब्द आपल्या ओळखीचा

मैत्रिणींनो, 'सुरक्षा' हा शब्द कानावर पडला की आपण सावध व्हायला हवं. या शब्दाचा आपल्याला जुना अनुभव आहे. वसतिगृहाचं दार सातला बंद होतं ते मुलींच्या सुरक्षेसाठी. सोळाव्या वर्षी शाळा सोडवून लग्न लावतात तेही सुरक्षेसाठी. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बाईला रात्रपाळी नाकारली ती सुरक्षेसाठी, आणि त्याच सुरक्षेच्या नावावर तिला जास्त मजुरीची कामं मिळाली नाहीत. सुरक्षा बाईची म्हणायची, आणि कुलूप बाईलाच लावायचं. इतक्या वर्षांच्या चळवळीत आपण दोन प्रश्न विचारायला शिकलो: सुरक्षा कोणाची? आणि तिच्यासाठी कोंडलं कोणाला?

तेच दोन प्रश्न मला खनिजांच्या सुरक्षेला विचारायचे आहेत. त्यासाठी चाकणहून थेट काँगोला जावं लागेल. कारण मोबाईलमधला टँटलम आणि अनेक बॅटऱ्यांमधला कोबाल्ट यांचा मोठा वाटा त्या देशातून येतो, आणि परदेशी राजकारणानं खनिजांची 'सुरक्षा' कशी केली याचा दीडशे वर्षांचा हिशेब तिथल्या बायकांच्या अंगावर लिहिलेला आहे.

ओलीस ठेवलेल्या बायका

१८८५ ते १९०८ या काळात काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होती. तेव्हा युरोप-अमेरिकेला सायकलींच्या आणि मोटारींच्या टायरसाठी रबर हवं होतं. जंगलातून रबर आणायला पुरुष तयार नसत. मग राजाचे शिपाई गावात शिरून बायकांना पकडून नेत आणि नवऱ्यांनी ठरलेलं रबर आणून घातलं की सोडत. तोवर त्या उपाशी राहिल्या, त्यांच्यावर बलात्कार झाले, कित्येक मेल्या. हाही पुरवठा सुरक्षित ठेवण्याचाच एक मार्ग होता. फक्त तेव्हा त्याला इतकं सभ्य नाव नव्हतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला युरेनियम हवं झालं. हिरोशिमावर पडलेल्या बाँबसाठी लागलेल्या युरेनियमचा मोठा भाग काँगोतल्या शिंकोलोब्वे या खाणीतून गेला. १९६० साली काँगो स्वतंत्र झाला. देशाच्या खनिजांवर देशाचा हक्क असायला हवा असं मानणारे पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांचा १७ जानेवारी १९६१ ला खून झाला. त्यात आपली नैतिक जबाबदारी होती, असं बेल्जियमनं कबूल केलं ते २००२ साली. मग १९६५ ते १९९७ पर्यंत मोबुटू यांची हुकूमशाही चालली. शीतयुद्धात ते आपल्या बाजूचे आहेत म्हणून पाश्चात्त्य देशांनी त्यांना पोसलं. खनिज वेळेवर पोहोचत होतं. देशात रस्ते, शाळा, दवाखाने मात्र राहिले नाहीत, आणि त्याची चिंता कोणाला वाटली नाही.

हा इतिहास उगाळण्याचं कारण एकच. आज आपल्याला असं सांगितलं जातं की खनिजांचा पुरवठा नीट चालू होता आणि परदेशी राजकारणानं तो धोक्यात आणला. काँगोचा अनुभव नेमका उलटा आहे. परदेशी राजकारणानं तिथला पुरवठा कायम सांभाळला. धोक्यात राहिली ती माणसं.

खड्ड्याच्या काठावर

आज काँगोत दोन वेगळे भाग लक्षात घ्यायला हवेत. आग्नेयेला कोल्वेझीच्या आसपास तांबं आणि कोबाल्ट. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून जास्त या एका देशातून येतो. पूर्वेला, रवांडाच्या सीमेलगत, किवू प्रांतांत कोल्टन, कथील आणि सोनं. कोल्टनपासून टँटलम मिळतो आणि तो आपल्या प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये असतो.

मोठ्या यांत्रिक खाणींबरोबर दोन्हीकडे हातानं खणणारे लाखो लोक आहेत. बाईनं खड्ड्यात उतरलं तर खनिज नाहीसं होतं, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. ज्या बाईला आपल्याकडे पाळीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत, तिला ही समजूत परकी वाटणार नाही. विटाळाचा फायदा नेहमी कोणाला तरी होत असतो. खड्ड्यात उतरता येत नाही म्हणून बाईचा खड्ड्यावर हक्क नाही. खड्ड्यावर हक्क नाही म्हणून दर ठरवताना तिला तोंड नाही. तिच्या वाट्याला येतं ते दगड फोडणं, चाळणं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून खनिज धुणं, पाठीवर पोती वाहणं आणि खाणकामगारांना जेवण विकणं. पाठीवर मूल असतंच.

कोबाल्टच्या पट्ट्यातल्या लुबुंबाशी शहरात झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बाप खाणकामात असणं आणि बाळ जन्मजात व्यंग घेऊन येणं यांचा संबंध त्यात आढळला. आपल्याकडे असं मूल जन्मलं की बोट आईकडे दाखवलं जातं, हे मी वेगळं सांगायला नको. तिथे विष बापाच्या कामातून घरात आलं. ते काम मात्र आपल्या गाड्या 'स्वच्छ' करण्यासाठी चाललं होतं.

पूर्व भागात याच्या जोडीला युद्ध आहे. १९९४ च्या रवांडातल्या नरसंहारानंतर १९९६ साली आणि पुन्हा १९९८ साली काँगोत युद्ध पेटलं. शेजारच्या देशांची सैन्यं घुसली. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की खनिजांची लूट या युद्धाला पोसते आहे. बुकावूत डॉ. डेनिस मुकवेगे यांनी १९९९ साली पांझी रुग्णालय सुरू केलं ते बाळंतपणांसाठी. तिथे येऊ लागल्या त्या शरीरं फाडून टाकलेल्या बायका. २०१८ साली मुकवेगे यांना शांततेचं नोबेल मिळालं. १९९३ ते २००३ या काळातल्या अत्याचारांची नोंद करणारा संयुक्त राष्ट्रांचा मोठा अहवाल २०१० साली बाहेर आला. त्यातल्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय नेमावं, अशी मागणी मुकवेगे वर्षानुवर्षं करत आहेत. ते नेमलं गेलेलं नाही.

इथे एक काळजी घ्यायला हवी. काँगोतला प्रत्येक बलात्कार खनिजासाठी होतो, असं म्हणणं खोटं ठरेल. जमिनीचे तंटे आहेत, वांशिक वैर आहे, पगार न मिळालेले शिपाई आहेत, आणि घरातला नवराही आहे. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या एका बड्या अधिकारी बाईंनी काँगोला 'जगाची बलात्काराची राजधानी' म्हटलं आणि ते बिरुद चिकटलं. तिथल्या बायका नुसत्या बळी नाहीत. ज्युलियन लुसेंगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या २००० सालापासून संघटना बांधत आहेत, खटले लढवत आहेत, वाटाघाटींत जागा मागत आहेत. आपण त्यांच्याकडे दयेनं पाहायचं नाही. आपल्यासारख्याच कार्यकर्त्या म्हणून त्यांचं म्हणणं ऐकायचं आहे.

साखळी लांब होते आणि आखूड होते

आता परदेशी राजकारणाचा खेळ पाहा.

२०१० साली अमेरिकेनं कायदा केला: काँगो आणि शेजारच्या देशांतून आलेलं खनिज सशस्त्र टोळ्यांना पोसत नाही ना, हे कंपन्यांनी तपासून जाहीर करावं. हेतू चांगला होता. झालं असं की काँगोच्या सरकारनं त्याच सप्टेंबरात पूर्वेकडचं खाणकाम सहा महिने बंदच करून टाकलं, आणि तपासाची कटकट नको म्हणून अनेक कंपन्यांनी तिथून खरेदी थांबवली. टोळ्यांकडे बंदुका होत्या, त्या सोन्याकडे वळल्या. खाणीवर भात-मासे विकणाऱ्या बाईकडे वळायला दुसरं काही नव्हतं. हा धडा विसरता कामा नये. बाईला विचारल्याशिवाय तिच्या भल्यासाठी केलेला कायदा तिच्याच पोटावर येऊ शकतो.

त्यानंतर पोत्यांना शिक्के आले, चिठ्ठ्या आल्या, 'रक्तहीन खनिज' अशी प्रमाणपत्रं आली. कागद स्वच्छ झाले. खाणीवर गर्भवती बाई दिसली तर त्या खाणीला नापास करायचा नियम आला. गर्भवती बाई खाणीवर का येते, आली नाही तर खाणार काय, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात नव्हता. ती नजरेआड झाली की खाण पास.

२०१९ साली काँगोतल्या काही कुटुंबांनी अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. त्यांची मुलं कोबाल्ट खणताना दरडीखाली मेली किंवा कायमची जायबंदी झाली होती. दावा होता अॅपल, गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट, डेल, मायक्रोसॉफ्ट आणि टेस्ला यांच्यावर. ५ मार्च २०२४ ला अपील न्यायालयानं तो फेटाळला. म्हणणं थोडक्यात असं: एवढ्या मोठ्या पुरवठा साखळीतून माल विकत घेतला म्हणजे खाणीतल्या सक्तीच्या कामात सहभाग होता, असं म्हणता येत नाही.

मैत्रिणींनो, ही साखळी नीट पाहा. मेलेल्या मुलाची आई भरपाई मागायला येते तेव्हा ती इतकी लांब होते की एका टोकाला दुसरं टोक दिसत नाही. माल थांबायची भीती निर्माण होते तेव्हा तीच साखळी इतकी आखूड होते की तिची दोन्ही टोकं राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर येतात.

२०२४ चा फेब्रुवारी. पूर्व काँगोत एम-२३ ही बंडखोर सेना पुढे सरकत होती, आणि रवांडाचं सैन्य तिच्या पाठीशी असल्याचं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ पुराव्यानिशी लिहीत होते. त्याच महिन्यात युरोपीय संघानं खनिजांच्या 'शाश्वत पुरवठ्यासाठी' रवांडाशीच करार केला. एप्रिलमध्ये एम-२३ नं रुबाया हा खाणींचा परिसर ताब्यात घेतला. जगातल्या कोल्टनपैकी सुमारे पंधरा टक्के तिथून येतं. तिथून महिन्याला किमान १२० टन कोल्टन सीमा ओलांडून रवांडात जातं, असं तज्ज्ञांनी त्या वर्षअखेर नोंदवलं. युरोपच्या हातात अहवाल होता आणि करारही होता.

२०२५ च्या जानेवारीत गोमा शहर पडलं. त्या धामधुमीत, २७ तारखेला, तिथल्या तुरुंगातून पुरुष कैदी पळाले. जाताना त्यांनी बायकांच्या कोठड्यांत शिरून किमान १६५ जणींवर बलात्कार केले, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं काँगोच्या न्यायखात्याच्या हवाल्यानं सांगितलं. मग तुरुंगाला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जणी जळून मेल्या. सगळ्या बातम्यांत ही बातमी दोन दिवस होती. कोल्टनचा भाव मात्र महिनाभर छापून येत होता.

त्याच सुमारास अमेरिकेच्या नव्या सरकारनं परदेशी मदत थांबवली. बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत द्यायच्या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांचे संच पूर्व काँगोतल्या दवाखान्यांत अपुरे पडले. आणि तेच अमेरिकी सरकार त्याच वर्षी काँगो-रवांडा शांतता कराराचं यजमान झालं. २७ जून २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्र्यांच्या सह्या झाल्या, ४ डिसेंबरला दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या. शांततेबरोबर खनिजांची भागीदारीही त्यात आली. काँगोतली खनिजं अमेरिकेला मिळणार, हे तिथल्या अध्यक्षांनी उघडपणे सांगितलं. ते कोणी लपवलंच नाही. सही होऊन आठवडा उलटायच्या आत एम-२३ चे सैनिक उविरा शहरात शिरले.

कोणी म्हणेल, जूनच्या करारावर काँगोतर्फे सही करणाऱ्या परराष्ट्रमंत्री बाईच होत्या. होय, होत्या. सरपंचाच्या खुर्चीत बाई बसवून कागद नवऱ्यानं फिरवलेला आपण गावोगाव पाहिला आहे. इथे तर कागद दुसऱ्या देशानं लिहिला होता. एका बाईची सही म्हणजे बायकांचा सहभाग नव्हे. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना न्याय कधी, कोणासमोर, हा प्रश्न मुकवेगे यांनी या कराराबद्दल विचारला. त्याचं उत्तर त्यांना मिळालं नाही.

चीन वाईट, अमेरिका चांगली?

इथे काही मित्र आपल्याला थांबवतात. म्हणतात, खरा धोका चीनचा आहे, त्याच्या मुठीतून पुरवठा सोडवायचा तर अमेरिकेबरोबर जावंच लागेल.

चीनची मूठ खरीच आहे. काँगोचा बहुतेक कोबाल्ट शुद्ध होतो तो चीनमध्ये, आणि काँगोतल्या मोठ्या खाणींपैकी बऱ्याच खाणी चिनी कंपन्यांच्या आहेत. तिथल्या मजुरांच्या हक्कांबद्दल चीन काही फार हळवा नाही. पण तेंके फुंगुरुमे ही प्रचंड खाण २०१६ साली एका अमेरिकी कंपनीनंच चिनी कंपनीला अडीच अब्ज डॉलरहून जास्त घेऊन विकली. तेव्हा ती फायद्याची गोष्ट होती. आता ती राष्ट्रीय सुरक्षेची झाली. दोन सावकारांच्या भांडणात कुळानं कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, हा प्रश्नच चुकीचा आहे.

काँगोच्या सरकारनंही आपली ताकद वापरून पाहिली. भाव कोसळला म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत कोबाल्टची निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. देशानं आपल्या मालाचा भाव मागावा, हे रास्तच आहे. पण वाढलेला भाव खनिज धुणाऱ्या बाईपर्यंत पोहोचवण्याची कोणतीही तरतूद त्यात नाही. राष्ट्राचा स्वाभिमान आणि बाईची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला १९४७ नंतर चांगलं कळलं आहे.

आपले हात कुठे आहेत

काँगो लांब आहे, असं म्हणून सुटता येणार नाही. पूर्व काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान वर्षानुवर्षं आहेत. अनेकांनी जीव धोक्यात घालून वस्त्या राखल्या, हे खरं. पण २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत तपासात, उत्तर किवूत राहून गेलेल्या भारतीय जवानांकडून लैंगिक शोषण झाल्याचे प्रथमदर्शनी पुरावे मिळाले, हेही खरं. रक्षणाला गेलेल्यांकडून असं झालं असेल, तर त्याचा जाब विचारणं आपलं, भारतीय बायकांचं काम आहे.

आणि आता आपला देशही या शर्यतीत उतरला आहे. २०१९ साली परदेशांत खनिजं मिळवण्यासाठी 'काबिल' ही सरकारी कंपनी निघाली. २०२३ च्या जूनमध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकारानं बनलेल्या खनिज सुरक्षा भागीदारीत सामील झाला. त्याच महिन्यात तीस खनिजांची 'महत्त्वाची' म्हणून यादी निघाली. २०२५ च्या जानेवारीत १६,३०० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं. आणि त्याच वर्षी ८ सप्टेंबरला पर्यावरण मंत्रालयानं एक आदेश काढला: अणुऊर्जेची, महत्त्वाची आणि सामरिक खनिजं काढणाऱ्या प्रकल्पांना जनसुनावणीची अट लागू राहणार नाही. कारण? राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षा.

बघा, कुलूप कुठे लागलं ते.

जनसुनावणी १९९७ साली नियमात आली. ती किती पोकळ असते हे मला माहीत आहे. मांडव कंपनीचा, पोलीस दारात, अहवाल इंग्रजीत. तरीही अनेक गावांत बाईला सरकारी माणसासमोर माईक हातात धरून बोलायला मिळालेली ती पहिली जागा असते. पुरुष मोबदल्याचा आकडा विचारतात. बाई विचारते, विहिरीचं पाणी राहील का? सरपण कुठून आणू? गुरं कुठे चारू? गावात परके पुरुष राहायला आले की मुलींनी शाळेत कसं जायचं? तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहावं लागतं. तेवढा एक कागद पुढे न्यायालयात उपयोगी पडतो. तो कागदच आता नको झाला आहे. बीजिंगनं निर्यात रोखली आणि आपल्या सरकारनं आपल्याच बाईचं तोंड बंद केलं.

'हा आपला विषय नाही'

काही मैत्रिणी म्हणतील, आपल्यापुढे हुंडाबळी आहेत, बलात्काराचे खटले आहेत, हे परराष्ट्र धोरण कशाला? माझं म्हणणं इतकंच की परराष्ट्र धोरण आपल्याला विचारून वस्तीत येत नाही. ते ठेकेदाराच्या फोनवरून येतं.

आणखी काही विचारतील, मग मोबाईल टाकून द्यायचे का? सौरदिवे, विजेवरच्या गाड्या नकोत का? हवा बिघडली, पाऊस चुकला की पहिली झळ बाईलाच बसते. मला तो बदल हवा आहे. पण एका बाईचं धुरापासून सुटणं दुसऱ्या बाईच्या गर्भाच्या किमतीवर मोजलं जात असेल, तर त्याला स्वच्छ म्हणायला मी तयार नाही. बहिष्काराचाही उपयोग नाही, २०१०-११ साली त्याचा फटका कोणाला बसला ते वर सांगितलं. आपण मागायचं ते अटी ठरवण्याच्या जागेवरचं आपलं स्थान.

म्हणून काही मागण्या मांडते. सर्व गटांनी आपापल्या बैठकीत यांवर बोलावं.

एक, ८ सप्टेंबर २०२५ चा आदेश मागे घ्यावा. खनिज कितीही महत्त्वाचं असो, जनसुनावणी आणि ग्रामसभा झालीच पाहिजे, आणि बायकांची वेगळी सभा त्यात धरली पाहिजे.

दोन, 'काबिल' आणि इतर सरकारी कंपन्यांनी परदेशांत केलेले खनिज करार मराठीसह भारतीय भाषांत जाहीर करावेत. तिथल्या बायकांच्या संघटनांना विचारलं का, हे त्यात लिहावं.

तीन, शांतिसेनेतल्या भारतीय जवानांविरुद्धच्या लैंगिक शोषणाच्या चौकशांचे निष्कर्ष आणि झालेल्या शिक्षा लोकांसमोर ठेवाव्यात.

चार, माल आला नाही म्हणून लाइन थांबली तर कंत्राटी बाईला भरपाई मिळावी. कायद्यात ले-ऑफची निम्मी मजुरी आहे, पण ती सलग वर्षभर हजेरीवर असलेल्याला. कंत्राटी बाईचं वर्ष कधीच भरू दिलं जात नाही, अकराव्या महिन्यात ब्रेक देतात. ही पळवाट बुजवा.

पाच, जुन्या बॅटऱ्या आणि मोबाईलमधून खनिजं परत मिळवण्यासाठी केंद्रानं २०२५ च्या सप्टेंबरात १,५०० कोटींची योजना मंजूर केली. शहरातला हा कचरा आजवर वेचला कोणी? पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाया १९९३ पासून संघटित आहेत. योजनेचा पैसा फक्त यंत्रं घेणाऱ्या कंपन्यांना नको. हातमोजे, मजुरी आणि हक्काचं ओळखपत्र वेचणाऱ्या बाईला आधी.

यातली एकही मागणी चीन किंवा अमेरिका अडवणार नाही. ती आपल्याच सरकारकडे आहे.

चाकणच्या त्या बैठकीतल्या बाईला सव्वा महिन्यानं ठेकेदाराचा फोन आला. लाइन चालू झाली होती. बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. पुढच्या बैठकीत मी जगाचा नकाशा घेऊन गेले आणि चीन, अमेरिका, काँगो, सगळं दाखवलं. तिनं काँगोवर बोट ठेवून विचारलं, "इथल्या बायकांची युनियन आहे का?" मी म्हटलं, संघटना आहेत, लढताहेत. ती म्हणाली, "मग त्यांना पत्र लिहा की, आमची पण लिहायची आहे म्हणून."

पत्राचा मसुदा पुढच्या बैठकीत करणार आहोत. तुमच्या गटाची सही त्यावर हवी असेल तर कळवा.